आपल्या सिंधी शेजारणींचे माहेर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि तीत प्रत्येक भगिनीने चार ओळी तरी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह आहे. कोणी पाककृती दिल्या, कोणी तीर्थयात्रेचे वर्णन दिले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण वाचनालयाची पायरी मी कधी सोडली नाही, आणि कल्याणसारख्या गावात राहिल्यामुळे उल्हासनगर हाकेच्या अंतरावर. गेली वीस-बावीस वर्षे माझ्या भिंतीला भिंत लागून एक सिंधी कुटुंब राहते. त्या घरातल्या आजींना सारी चाळ अमां म्हणते, मीही म्हणते. त्यांच्याकडून जे ऐकले, ते पुस्तकांत पडताळून पाहिले आणि आज आपल्यापुढे ठेवते.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई सहज बोलून गेल्या, "या लोकांना धंदा तेवढा कळतो. त्यांना कसली आली आहे संस्कृती?" तेव्हा अमांची सून हातात वाण घेऊन दाराशी उभी होती. तिने ऐकले की नाही ते मला ठाऊक नाही. सिंधी माणसाविषयी याहून वाईट अशी एक म्हणही आपल्या लोकांच्या तोंडी असते. ती मी येथे लिहिणार नाही. ज्यांना आपण धंदेवाईक म्हणून बाजूला सारतो, त्यांचे मूळ गाव कोणते, देव कोणता, गाणी कोणती, हे आपण कधी विचारलेच नाही, म्हणून हा लेख.

प्रथम नावापासून सुरुवात करू. आपल्यात आडनावाला 'कर' लागला की माणसाचे गाव कळते. सिंध्यांच्या आडनावाला 'आणी' लागतो. त्याचा अर्थ अमक्याचे वंशज. गिडूमल नावाचा पूर्वज, त्याचे ते गिडवाणी. आपले आडनाव गाव सांगते, त्यांचे आडनाव पणजोबाचा पणजोबा सांगते. गाव सुटले तरी सोबत येते असे नाव त्यांच्याजवळ होते, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

सिंध हा सिंधू नदीच्या खालच्या अंगाचा मुलूख. पाऊस तेथे नावालाच. जे काही पिकते ते नदीच्या पाण्यावर. सक्कर येथे सिंधूवर मोठा बंधारा बांधला गेला, तो १९३२ साली सुरू झाला व त्याच्या कालव्यांनी कोरडी जमीन ओली झाली. कराची हे समुद्रकाठचे बंदर, हैद्राबाद हे जुन्या राजधानीचे शहर, शिकारपूर हे सराफांचे. शिकारपूरच्या सावकाराची हुंडी कंदाहारपासून बुखाऱ्यापर्यंत वटत असे. हैद्राबादचे व्यापारी सिंधचे भरतकाम, लाखेची भांडी वगैरे कारागिरी घेऊन गेल्या शतकाच्याही आधी मिसर, माल्टा, सिंगापूर, जपानपर्यंत गेले. त्यांना सिंधवर्की म्हणत. तेव्हा धंदा त्यांना कळतो हे खरेच आहे. परंतु ज्या मुलखात पाऊस पडत नाही, तेथल्या माणसाने उंटावर आणि गलबतावर पोट नेले तर त्यात हिणवण्यासारखे काय आहे?

आता आपल्याशी नाते पाहा. इंग्रजांनी १८४३ साली मियाणीच्या लढाईत तालपूर मीरांचा पराभव करून सिंध घेतला. १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तो वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे ८९ वर्षे आपण व ते एकाच इलाख्यातले. पुण्याला आणि कराचीला हुकूम सुटत तो मुंबईहूनच. त्या काळात आपले मराठी शिक्षक, कारकून, इंजिनीयर सिंधमध्ये नोकरीला गेले. नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे एक मराठी गृहस्थ तेथे शिक्षणखात्यात डेप्युटी होते. व्यापाऱ्यांच्या वह्यांतली जी खुदाबादी लिपी होती, ती सुधारून शाळेत चालेल अशी करण्याचे काम १८६८ साली त्यांच्याकडे आले. कराचीतली सर्वांत जुनी सरकारी शाळा १८५५ सालची. ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि पाकिस्तान झाल्यावरही ते नाव पुसले गेले नाही. कराचीत थोडी मराठी कुटुंबे अजून आहेत व ती गणपती बसवतात. आपला मनुष्य तिकडे राहिला, त्यांची माणसे इकडे आली. अशी ही अदलाबदल.

फार मागे जायचे तर मोहेंजोदडो. लारकाना जिल्ह्यातले हे टेकाड १९२२ च्या सुमारास राखालदास बानर्जी यांनी उकरावयास घेतले आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर हाती लागले. त्याचे नाव सिंधी भाषेतले आहे, मुअन जो दडो, म्हणजे 'मेलेल्यांचे टेकाड'. येथला 'जो' म्हणजे आपला 'चा'. सिंधीत जो, जी, जा. मराठीत चा, ची, चे. हे समजले तेव्हा मला फार गंमत वाटली. तेथे पक्क्या विटांची घरे, घरोघरी न्हाणी, न्हाणीचे पाणी वाहून नेणारी झाकलेली गटारे होती. आपल्या गल्लीतील गटाराचा अर्ज नगरपालिकेत किती वर्षे पडून होता ते सभासदांना आठवत असेलच! तेथे कापसाच्या धाग्याचे अंशही सापडले. आणि सापडली एक बोटभर उंचीची काशाची मुलगी. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एक हात कमरेवर, मान किंचित वर, आणि डावा हात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला. पंडित लोक तिला नर्तकी म्हणतात. अमांनी माझ्याकडच्या पुस्तकात तिचे चित्र पाहिले व म्हणाल्या, "आमच्या थरकडच्या बायका अशाच हातभर बांगड्या घालतात." थरच्या वाळवंटातल्या बायका दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात हे मी पुढे फोटोत पाहिले.

सिंध्यांचा देव म्हणजे झुलेलाल. आपल्या गुढीपाडव्याला लागून, बहुधा दुसऱ्याच दिवशी, चंद्रकोर दिसली की त्यांचा चेटीचंड असतो. चेट म्हणजे चैत्र, चंड म्हणजे चंद्र. त्यांचे वर्ष त्या दिवशी सुरू होते. कथा अशी सांगतात की, दहाव्या शतकात ठठ्ठा येथे मिर्खशाह नावाचा राजा होता. त्याने हिंदूंना धर्म सोडण्याचा हुकूम केला. लोक सिंधूच्या काठी जमले, चाळीस दिवस उपाशीतापाशी नदीचीच प्रार्थना केली. तेव्हा नसरपूर गावी रतनचंद व देवकी यांच्या पोटी मूल जन्मले. पाळणा आपोआप झुलू लागला म्हणून तो झुलेलाल. उडेरोलाल हेही त्याचेच नाव. तसबिरीत तो पांढऱ्या दाढीचा, हाती पोथी घेतलेला, पल्ला माशावर बसलेला दिसतो. हा पल्ला समुद्रातून नदीत शिरतो आणि प्रवाहाच्या उलट वर वर जातो. शेवटी राजाचे मन वळते व कोणालाच धर्म सोडावा लागत नाही, असा कथेचा शेवट आहे. मला स्वतःला या कथेतली मोठी गोष्ट वाटते ती ही की, उडेरोलालच्या स्थानी हिंदू व मुसलमान दोघेही माथा टेकत आले आहेत. मुसलमान त्यांना शेख ताहिर म्हणतात.

त्या चाळीस दिवसांची आठवण म्हणून आषाढ-श्रावणाच्या सुमारास 'चालीहो' पाळतात. आणि बहराणा काढतात. परातीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे, सोबत कलश व नारळ, हे सारे वाजतगाजत पाण्यापर्यंत नेतात. सिंधू तर राहिली परमुलखात. मग काय करावे? मुंबईत समुद्र, उल्हासनगरात उल्हास नदी. पाणी तेच, असे अमां म्हणतात. देवघरात मात्र झुलेलालच्या शेजारी पुष्कळ घरी गुरु नानकांची तसबीर असते. त्यांच्या देवस्थानाला टिकाणो म्हणतात. तेथे ग्रंथसाहेबही असतो आणि देवांच्या मूर्तीही असतात. पीराला नवस बोलण्यातही त्यांना संकोच वाटत नाही. आपल्यातल्या काही सोवळ्या भगिनींना हे चमत्कारिक वाटेल. पण नदीकाठच्या, चहूकडून वाटसरू येणाऱ्या मुलखात असेच व्हायचे.

आता मी माझ्या आवडीच्या भागाकडे येते. सिंधमध्ये शाह अब्दुल लतीफ भिटाई नावाचे सूफी कवी होऊन गेले. इ. स. १६८९ च्या सुमारास जन्म, १७५२ साली मृत्यू. त्यांच्या काव्याचा संग्रह 'शाह जो रिसालो'. येथेही तोच 'जो'! आपल्याकडे तुकोबांचे अभंग जसे ज्याच्या त्याच्या ओठी, तसे सिंधमध्ये शाहांचे. हिंदू घर असो की मुसलमान, फरक नाही. हा संग्रह प्रथम छापला तो ट्रम्प नावाच्या जर्मन पंडिताने, १८६६ साली, तोही जर्मनीत. त्यांच्यानंतरचे सचल सरमस्त आणि सामी हेही थोर, परंतु शाहांची गोष्ट बायकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी लोककथेतल्या सात नायिका घेतल्या आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच तोंडून काव्य बोलविले. राजे, वीर बाजूला राहिले व बाई पुढे आली.

मारुई ही थरच्या वाळवंटातली गरीब धनगरकन्या. उमरकोटचा राजा उमर तिला विहिरीवरून पळवून नेतो, वाड्यात कोंडतो, रेशीम-दागिने पुढे करतो. ती आपली लोकरीची फाटकी ओढणी अंगावरून उतरवीत नाही. केसाला तेल लावीत नाही. माझ्या माणसांत मला जाऊ द्या, एवढेच तिचे म्हणणे. अखेर राजा हरतो आणि तिला सन्मानाने परत पाठवितो. अमां ही गोष्ट सांगताना नेहमी ओढणीपाशी थांबतात. देश सोडून आलेल्या बाईला मारुई कोण हे समजावून सांगावे लागत नाही.

ससुई आपल्या पुन्हूच्या शोधात एकटी डोंगर तुडवीत मकरानच्या वाटेने निघते. सोहणी रोज रात्री मडक्याच्या आधाराने नदी पोहून जाते आणि नणंद पक्के मडके काढून तेथे कच्चे ठेवते. पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. (नणंदा सगळीकडे सारख्याच, असे कोणी म्हणेल, पण मी स्वतः नणंद आहे, म्हणून गप्प बसते.) नूरी ही कींझर तलावावरची कोळ्याची पोर, राजाची राणी झाली तरी जिने नम्रपणा सोडला नाही. मूमल आणि सोरठ यांच्या कथा लांब आहेत. त्यांतील सोरठ तर आपल्या जुनागडची. पण लीला! तिची कथा मला सर्वांत बोचली. लीला ही चनेसर राजाची आवडती राणी. एक दुसरी स्त्री दासीच्या वेषात वाड्यात शिरते आणि हिऱ्यांचा हार दाखविते. लीलेला त्या हाराचा मोह पडतो व त्याच्या बदल्यात ती नवऱ्याची एक रात्र देऊन टाकते. हार गळ्यात आला आणि नवरा गेला तो कायमचा. शाह तिची थट्टा करीत नाहीत, तिचे रडणे ऐकतात. दागिन्याच्या दुकानासमोरून जाताना मला ती बाई हटकून आठवते.

कथा झाल्या, आता घर. जुन्या सिंधी घरात झोपाळा असायचाच. त्याला पींघो म्हणतात. आपल्या माजघरातल्या बंगईचाच भाऊ. हैद्राबादच्या घरांच्या गच्च्यांवर वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे धुराड्यासारखे उभे सांगाडे असत, त्यांना मंघ म्हणत. विजेच्या पंख्याच्या कितीतरी आधीची ही सोय. जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची रंगीत रल्ली शिवतात. आपली वाकळच ती! फक्त त्यांच्या रल्लीत चौकोन-त्रिकोणांची नक्षी अधिक मांडणीची असते. अजरख हे निळ्या-लाल रंगांचे ठशांचे कापड. निळा रंग निळीचा, लाल मंजिष्ठाचा. एकेक कापड कितीदा धुवावे, उन्हात घालावे, पुन्हा छापावे लागते याला गणती नाही. कच्छमध्ये आजही खत्री कारागीर ते करतात.

स्वयंपाकाचे थोडक्यात सांगते, नाहीतर पाककृतीवाल्या भगिनी रागावतील. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलावर खमंग होईतो भाजायचे, पाणी घालून उकळायचे, चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटा घालायचा. रविवारी कढी-भात ठरलेला. साई भाजी म्हणजे पालक, चुका आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली. कोकी ही कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, प्रवासात दोन दिवस टिकते. भीं म्हणजे कमळाचे देठ. सिंधच्या मंछर तलावातले भीं प्रसिद्ध. पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी. उन्हातून आलेल्याने पापड खाल्ला म्हणजे पाणी बाधत नाही, असे ते म्हणतात.

सणांत ठदडी मला आपलीशी वाटते. ती शीतळासप्तमीच. आदल्या दिवशी गोड लोला करून ठेवायचा, ठदडीला चूल पेटवायची नाही, सगळे गार खायचे. तीजडीला सवाष्ण बायका मेंदी लावून दिवसभर उपास करतात व चंद्र पाहून सोडतात. भाद्रपदात महालक्ष्मीचा सोळा गाठींचा दोरा हातात बांधतात, त्याला सगडा म्हणतात. लग्नात बायका 'लाडा' म्हणतात, ती त्यांची लग्नगीते. पुरुष टिपऱ्या घेऊन छेज खेळतात. आणि भगत म्हणून एक प्रकार असतो. घुंगरू बांधून, पायघोळ अंगरखा घालून, रात्रभर गाणे, नाच, गोष्ट, मध्येच हसवणे. आपले कीर्तन आणि तमाशा यांच्या मधले काहीतरी म्हणा. त्यात भगत कंवरराम यांचे नाव मोठे. मिळालेले पैसे ते गरिबांना वाटून टाकीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनात गाडीत बसले असता त्यांच्यावर गोळ्या घालून त्यांना ठार करण्यात आले. अमांच्या सासरी त्यांची तसबीर देवांच्या रांगेत होती.

सगळे गोडच लिहिले तर ते खरे होणार नाही. सिंधमध्ये हुंड्याची चाल भयंकर होती. त्यांचा शब्द देती-लेती. विशेषतः हैद्राबादच्या सुशिक्षित आमिल लोकांत जितके शिक्षण अधिक तितकी मुलाची किंमत अधिक! मुलींच्या बापांची घरे धुतली गेली. तेव्हा त्या प्रांतातल्या सुधारकांनी ओरड केली आणि १९३९ साली सिंधमध्ये देती-लेती कायदा झाला. आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा आला १९६१ साली. म्हणजे कायद्याच्या बाबतीत त्यांचा प्रांत २२ वर्षे पुढे. चाल मात्र कायद्याने गेली नाही, तिकडेही नाही आणि इकडेही नाही. मुलींच्या शिक्षणाचे पाऊलही लवकर पडले. साधू वासवानी यांनी १९३३ साली हैद्राबादेत मुलींसाठी मीरा शाळा काढली. फाळणीनंतर ते पुण्याला आले व ते काम पुण्यात पुन्हा उभे राहिले. जेठी सिपाहीमलानी या बाई तर सिंधच्या विधानसभेच्या उपसभापती होत्या. आपल्याकडे तेव्हा किती बायका सभागृहात होत्या, ते मोजून पाहावे. स्वातंत्र्याच्या लढ्यातही सक्करचा हेमू कालाणी होता. १९४२ च्या चळवळीत रेल्वेचे रूळ उखडताना तो पकडला गेला, साथीदारांची नावे त्याने सांगितली नाहीत, व २१ जानेवारी १९४३ रोजी तो फासावर गेला. वय वीसही पुरे नव्हते.

मग १९४७ साल आले. पंजाबची वाटणी झाली, बंगालची वाटणी झाली. अर्धा पंजाब, अर्धा बंगाल तरी हाती राहिला. सिंधची वाटणी झालीच नाही. तो सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला. तेथील लोकवस्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा हिंदू होता; त्यांतील बहुतेकांना देश सोडावा लागला. प्रथम पुष्कळांना वाटत होते की राहता येईल. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर नव्हते. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली, लूट झाली, आणि मग बोटींवर रांगा लागल्या. कोणी मीरपूरखासवरून आगगाडीने जोधपूरकडे, कोणी कराचीहून आगबोटीने मुंबईकडे. दहा-बारा लाख माणसे निघाली. अमां तेव्हा सात वर्षांच्या. त्यांना बोटीतले दोनच प्रसंग आठवतात. आईने घराच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला होता, आणि बंदरावर झडती घेणाऱ्याने तिच्या पदरातली पापडाची चवडसुद्धा उलगडून पाहिली. किल्ल्या पुढे कितीतरी वर्षे ट्रंकेत होत्या.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. त्या बराकींत सुमारे एक लाख लोक आले. एकेका बराकीत पुष्कळ कुटुंबे. मध्ये गोणपाटाचे, नाहीतर लुगड्याचे पडदे. पाण्यासाठी रांगा, संडासासाठी रांगा. हवेली सोडून आलेल्या बायका गोणपाटाआड बाळंत झाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे बोलणे मात्र अजून गेलेले नाही. तिकडे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी सिंधी आले, ते आजचे गांधीनगर. पिंपरी, चेंबूर येथेही वस्त्या झाल्या. कच्छमध्ये भाई प्रताप यांनी कच्छच्या महारावांकडून जमीन मिळवून गांधीधाम वसविले.

'निर्वासित' हा शब्द त्या लोकांना झोंबत असे. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवीत. मुले गाडीत गोळ्या, बिस्किटे विकत, पुरुष खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरत, बायका पापड लाटीत. अमांची आई दिवसाला किती पापड लाटी हे अमां अजून सांगतात आणि तो आकडा दरवेळी थोडा वाढतो! फेरीवाला थोड्या नफ्यावर माल देई म्हणून गावातले जुने दुकानदार चिडत. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्यातून निघाला. तो सांगून आपण हसतो. परंतु ज्याच्याजवळ शेत नाही, गाव नाही, ओळखपाळख नाही, त्याने हात न पसरता वीस-पंचवीस वर्षांत घर उभे केले, याला आपण दुसऱ्या कोणाच्या बाबतीत विनोद म्हटले असते का?

मला खरी काळजी वाटते ती भाषेची. ज्या भाषेचा या देशात स्वतःचा प्रांत नाही, ती टिकायची कशी? पंजाब्याला पंजाब आहे, बंगाल्याला बंगाल आहे, आपल्याला महाराष्ट्र आहे. सिंध्याला राष्ट्रगीतातला एक शब्द आहे. तोही काढावा असा अर्ज कोणी केला होता. सुप्रीम कोर्टाने २००५ साली तो फेटाळला आणि शब्द राहिला. बरीच खटपट होऊन १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. लेखक मात्र थांबले नाहीत. पोपटी हीरानंदाणी यांना १९८२ साली आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण पुस्तके वाचणार कोण? लिपीचाच वाद. १८५३ साली इंग्रज सरकारने अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी ठरविली. ती उजवीकडून डावीकडे. येथे आल्यावर काहींनी देवनागरी धरली, काहींनी जुनी. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते आणि मुले मधल्या मध्ये इंग्रजी शाळेत गेली. सिंधी शाळा एकेक करून बंद पडत आल्या. अमां जुनी लिपी वाचतात, त्यांचा मुलगा अडखळत वाचतो, नातवंडांना एक अक्षर येत नाही. ती आजीशी हिंदीत बोलतात आणि माझ्याशी उत्तम मराठीत.

आणि भाषा किती जवळची! भाऊ तो भाउ, बहीण ती भेण. मुलीला धीअ म्हणतात. कोकणीत धूव म्हणतात हे आपल्या गोव्याकडच्या भगिनींना माहीत आहेच. दोन या आकड्याला जो शब्द आहे तो आपल्या पाढ्यातल्या 'बे' चा सख्खा. फक्त तो उच्चारताना श्वास बाहेर टाकायचा नाही, आत ओढायचा. ग, ज, ड, ब अशी चार अक्षरे त्यांच्यात या रीतीने घशाकडे ओढून बोलतात. मला अजून साधत नाहीत. मी प्रयत्न केला की अमां हसून लोटपोट होतात आणि नातवंडांना हाक मारून म्हणतात, हिला तरी शिकवा.

सिंधमध्ये आजही लाखो हिंदू आहेत. उमरकोटकडे तर त्यांची दाट वस्ती आहे. अमांचे एक चुलतघराणे तिकडेच राहिले. २००६ साली मुनाबावच्या वाटेने थर एक्सप्रेस सुरू झाली तेव्हा अमांनी कागदपत्रांची चौकशी केली होती. पण यजमानांचे दुखणे निघाले, मग स्वतःचे गुडघे, आणि २०१९ साली ती गाडीही बंद झाली. शिकारपूरचे घर आहे की पडले, त्यांना माहीत नाही. दाराच्या चौकटीवर मोर कोरलेले होते, एवढे त्या सांगतात. गेल्या चेटीचंडला त्यांनी माझ्याकडे ताहिरीचा वाडगा पाठविला, गुळाचा गोड भात, वर बदामाचे काप. मी वाडगा रिकामा परत करीत नाही म्हणून त्यात पाडव्याचे उरलेले श्रीखंड घालून दिले. त्यांच्या धाकट्या नातीने दारातूनच ओरडून विचारले, "काकू, यात वेलची आहे ना? आजीला वेलची लागते."